सावड फेडायची राहिली

निमोण्याच्या सरूबाईला फुलांचं कौतुक सांगू नका. झेंडू पिकवण्यात तिचा जन्म गेला, पण एक फूल कधी केसात खोवलं नाही. "त्यो माल हाय," म्हणायची. खरंच होतं तिचं. कांदा चाळीत थांबतो, ज्वारी कणगीत थांबते. फूल कुणाच्या बापासाठी थांबत नाही. आज तोडलं की उजाडायच्या आत पुण्याच्या बाजारात पोचलं पाहिजे. बारा महिने मातीमोल विकायचं आणि दसऱ्याच्या तोंडावर दोन दिवस चार पैसे बघायचे, असला हा धंदा.

आणि नेमकं तेव्हाच माणूस मिळत नाही. गावातल्या निम्म्या बाया कंपनीच्या कँटीनला, आणि तोड सगळ्यांचीच एका दिवशी. मजुरी द्यावी तर फुलाचे पैसे फुलातच जातात. म्हणून सरूबाई आणि शेजारच्या बांधाची धुरपदा यांची सावड होती. आज तू माझ्यात, उद्या मी तुझ्यात. पैशाचं नावच नाही. दोघी एका सरीला लागल्या की सासवांची उणीदुणी काढायच्या, दुपारी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते सरूबाईनं धुरपदाला सांगितलं होतं.

दोन वर्षांमागच्या दसऱ्याला पाळी सरूबाईची आधी होती. धुरपदा तांबडं फुटताना आली आणि दिवेलागणीपर्यंत राबली. मालाला भाव चढा लागला. सकाळी आडत्याचा फोन आला, अजून माल आणा म्हणून, आणि सरूबाईचा नवरा हौसराव हुरळला.

"ऱ्हायलेली फुलं आजच तोडू."

"आज धुरपदीची पाळी हाय," सरूबाई म्हणाली.

"तिचं उद्या करू की. फुलं काय पळून जात्यात का?"

फुलं पळत नाहीत, भाव पळतो. हे सरूबाईला कळत नव्हतं होय? चांगलं कळत होतं. पण नवऱ्याला तोंडावर सांगायचं सोडून तिनं पाटी उचलली आणि आपल्याच रानात शिरली. बांधापलीकडं धुरपदा एकटीच तोडत होती. दुपारपर्यंत ती मधूनमधून मान वर करून बघायची. मग बघायची थांबली. हाक काही मारली नाही तिनं.

दुसऱ्या दिवशी सरूबाईचा तो माल पहाटेच चढ्या भावानं गेला; उन्हं वर आली तसा गावोगावचा माल बाजारात उतरला आणि भाव असा बसला, की टेम्पोचं भाडं निघेना. धुरपदाची निम्म्याहून जास्त फुलं झाडावरच राहिली. त्या पैशातून ती ठिबक बसवणार होती. दिवाळीआधीच तिनं उभ्या झेंडूत रोटाव्हेटर घातला.

सरूबाई तिच्या घरी गेली होती, "माझं चुकलं" म्हणायला. तोंडातून निघालं ते, "च्या ठेव की." धुरपदानं ठेवला, साखर बेताची घातली, गवारीचा भाव विचारला. भांडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर सरूबाईला रात्री झोप तरी लागली असती.

त्यानंतर धुरपदानं फूल लावलं नाही. सरूबाईचं रान मात्र यंदाही दसऱ्याला पिवळंधमक झालं आणि तोडायला बाया पुरेनात. शेवटी ती धुरपदाच्या दारात गेली.

"धुरपदे, येशील का गं?"

"येते की."

सरूबाईचा जीव भांड्यात पडला. दिवसभर धुरपदाचा हात पूर्वीसारखाच चालला. भाकरी तेवढी तिनं दुसऱ्या बायांत बसून खाल्ली.

संध्याकाळी सरूबाई म्हणाली, "आता तुझ्यात कवा येऊ ते सांग. खुरपायला म्हण, कशालाबी म्हण."

धुरपदा पाय धूत होती. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

"तू कशाला येतीस? ह्या बायांला देशील तेवढीच मजुरी मला दे."

सरूबाई घरात गेली, डब्यातून नोटा काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. धुरपदा निघून गेली. आता तिच्या रानात पाऊल टाकायला सरूबाईकडं काही निमित्तच उरलं नव्हतं.