वाकडा ट्रम्पेट

माझा धंदा काय, हे मला कुणालाच धड सांगता येत नसे. "गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची व्यंगचित्रं काढतो आणि बँडवाल्यांना गाणी बसवून देतो," असं म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर थांबे आणि विचारी, "ते ठीक आहे, पण काम काय करता?" सासरेबुवांनी तर हा प्रश्न मला दर सणाला विचारला. ते निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मुलगी दिली होती पुलगावच्या मिलमधल्या हजेरी कारकुनाला. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच जावयाने नोकरी सोडली, वर्ध्याजवळ नालवाडीला एक खोली भाड्याने घेतली, भिंतीशी बाजाची पेटी आणि खिडकीशी चित्रांची फळी मांडली आणि स्वतःला स्वतंत्र कलावंत म्हणवून घ्यायला सुरुवात केली. स्वतंत्र हा शब्द मला फार आवडे. सकाळी डोळे उघडताच पोटात गोळा येतो त्याला स्वतंत्र म्हणतात, हे नोकरी सोडल्यावर कळलं.

चित्रं नागपूरच्या साप्ताहिकांना आणि दिवाळी अंकांना पोस्टाने जात. तानपुऱ्याला टेकून घोरणारे बुवा, तबलजीकडे खाऊ की गिळू असं बघणारी गायिका, असलं काहीबाही मी काढत असे. त्यातली काही छापून येत, बरीचशी कुठे जात ते संपादकांनाच ठाऊक. घर चालायचं ते बँडवर. वर्ध्याच्या बाजारात एका बँडचं दुकान होतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू व्हायची आणि पाऊस येईपर्यंत त्या बँडला आणि त्यांच्यामागे मला उसंत नसायची.

रेडिओवर नवं गाणं आलं की पुढच्या मुहूर्ताला वऱ्हाडी मंडळींना ते वरातीत हवंच असे. मी चहाच्या टपरीवर रेडिओजवळची जागा धरायचो, गाणं कानात भरून घरी आणायचो आणि त्याचे वाटे करायचो. मुखडा ट्रम्पेटला, अंतरा क्लॅरिनेटला, आणि मधल्या रिकाम्या जागा भरायला ते मोठं पितळी भोंग्याचं वाद्य. वाजवणारे सगळे एरवी शेतात नाही तर जिनिंगमध्ये राबणारे. त्यांच्यासाठी मी जोड्याच्या खोक्याचे पुठ्ठे कापून त्यांवर ठळक अक्षरांत सारेगम लिहीत असे. कुणाचा पुठ्ठा कुणाला जाऊ नये म्हणून वर एकेक चित्र असायचं. क्लॅरिनेटला बगळा, भोंग्याला म्हैस, ट्रम्पेटला कोंबडा. वाद्याला कपड्यांच्या चिमट्याने पुठ्ठा अडकवला की बँड चालू पडायचा.

ट्रम्पेट खुद्द बँडमास्तर वाजवत. वय पंचावन्नच्या पुढे, काडीसारखी अंगलट, कलप लावलेल्या मिशा आणि सोनेरी काठाचा लाल कोट, ज्याचं दुसरं बटण मी त्यांना ओळखतो तेव्हापासून नव्हतंच. प्रत्येक गाण्यात एक जागा मी त्यांच्यासाठी राखून ठेवी. वरात मांडवाच्या दारात पोचली की बाकी सगळी वाद्यं गप्प, आणि मास्तरांचा एकट्याचा वरचा सा, लांबलचक. पोरं शिट्ट्या मारायची, नवरदेवाचे काके-मामे नोटा ओवाळायचे. बँड ठरवणं म्हणजे सुपारी देणं. सुपारी द्यायला येणारी मंडळी "थो वरचा सूर लावनारा बँड कोनता?" असं विचारतच दुकानात शिरायची. तो सा मी लिहिला आहे याचा मला गर्व होता.

आता त्या वर्षीची गोष्ट. बायकोला दिवस गेले होते, बाळंतपण माघात होतं. सासरेबुवांनी मिलमध्ये कुणाशी तरी बोलून माझी जुनी जागा पुन्हा मिळण्याची सोय केली होती. अर्ज त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहूनही ठेवला होता, फक्त माझी सही बाकी होती. "तुळशीच्या लग्नापर्यंत काय ते सांगा," असं त्यांनी मला बजावलं. मास्तर मात्र म्हणाले होते की यंदा सुपाऱ्या चांगल्या आल्या तर सबंध हंगामासाठी मला बांधून घेतील, दर गाण्यामागे हात पसरायला लागणार नाही. म्हणजे माझं सगळं भवितव्य त्या बँडच्या सुपाऱ्यांवर टांगलेलं होतं. दुकानाच्या दारात बैलगाडी थांबली तरी माझा जीव वरखाली व्हायचा.

दिवाळीच्या तोंडावर पोस्टाने अंक आला. आख्खं पान माझं चित्र! गणपतीच्या तालमी चालू असताना मी कोपऱ्यात बसून रेघोट्या मारल्या होत्या, त्यातूनच ते झालं होतं. पाठवलं आणि विसरून गेलो होतो. चित्रात एक बँडवाला जीव खाऊन ट्रम्पेट फुंकतो आहे, पण ट्रम्पेट वाकडा, त्यामुळे सगळी हवा बाजूच्या घोड्यावरच्या नवरदेवावर गेली आहे आणि त्याचं बाशिंग उडून नालीत पडतं आहे. खाली ओळ होती, "मास्तर, तोंड समोर करा हो!" मी चहा हातात धरून ते पान बघत राहिलो.

बायको खांद्यावरून डोकावली. "अगाबाई, हे त मास्तर हायेत."

"छे! कुठलाही बँडवाला आहे तो."

"मंग मिशा? अन् कोटाचं दुसरं बटन काऊन नाई?"

मी नीट पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मिशा, कोट, कॉलरमध्ये खोचलेला रुमाल, सगळे मास्तरच. मी ठरवून काही केलं नव्हतं. तालमीत हाताने जे पाहिलं ते उतरवलं होतं, ओठाच्या डाव्या कोपऱ्याला टेकवलेला ट्रम्पेटसुद्धा. ज्या माणसाच्या तोंडाकडे बघून लोक सुपारी द्यायला यायचे, त्याचंच तोंड मी वाकडं करून जिल्हाभर वाटलं होतं, आणि तेही सुपाऱ्यांच्या दिवसांत.

माझा स्वभाव असा की संकट दाराशी यायच्या आधी मी त्याला पाट मांडून बसतो. सबंध दिवस माझ्या डोळ्यांपुढे चित्रं नाचत होती. मास्तरांना कुणीतरी अंक दाखवतंय, मास्तर मला दुकानातून हाकलताहेत, मी पुलगावच्या फलाटावर डबा घेऊन उतरतोय. शेवटी एक तोड सुचली. हा अंक वर्ध्यात मिळायचा तो बसस्टँडवरच्या एकाच दुकानात. बायकोच्या डब्यातले पैसे तिला न विचारता घेतले आणि दुकानातल्या सगळ्या प्रती विकत घेतल्या.

"सगळेच?" दुकानदाराने विचारलं.

"नातेवाइकांना वाटायचेत," मी म्हणालो.

गठ्ठा खाटेखाली सारला आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो. बायकोने झाडू मारताना तो पाहिला, पण काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला कधीच परवडलेलं नाही, तरी त्या वेळी मी सुटलो असंच समजलो.

मग बाजाराच्या दिवशी भाजी आणायला गेलो आणि बसस्टँडपाशी पाय जमिनीला चिकटले. दुकानावर दोरी बांधली होती आणि दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच अंक टांगला होता. सर्वांत पुढचा तर माझ्याच पानावर उघडून चिमटे लावलेला.

"या, या!" दुकानदार मला पाहून ओरडला. "तुमच्यानंच समजलं मले, हा अंक लय चालते. नागपूरहून चौपट मागवून घेतले. अन् चित्राखाली तुमचीच सही हाये म्हने! मी त साऱ्याइले सांगून राह्यलो, आपल्या वर्ध्याचा मानूस हाये म्हून." मग तो कौतुकाने पुढे झुकला. "बँडवाल्या मास्तरले बी एक फुकट देल्ला. भल्ला येळ पाहात उभे होते."

"काही म्हणाले?"

"काईच नाई. घडी केली अन् घेऊन गेले."

भाजी न घेताच घरी आलो. बायकोला सगळं सांगून टाकलं, डब्यातल्या पैशांसकट. ती पोट धरून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता हे बी सारे घेऊन याजा," ती म्हणाली. "खाटेखाली जागा हाये अजून." मग थोड्या वेळाने, न हसता, "बाबांच्या अर्जावर सही कधी करता?" असं तिने विचारलं. मला त्या प्रश्नाची जितकी भीती वाटली तितकी मास्तरांचीही वाटली नव्हती.

त्यानंतर मी बँडच्या दुकानाकडे फिरकलोच नाही. बाजारात जायचं तर लांबच्या रस्त्याने. कुठे ढोल वाजला तरी दचकायचो. सुपाऱ्या येताहेत की नाही ते कळायला मार्ग नव्हता आणि विचारायची छाती नव्हती.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सासरेबुवा आले. अर्ज काढून त्यांनी माझ्या फळीवर ठेवला, वर पेनही ठेवलं. मी टोपण काढलं एवढ्यात दारात सावली पडली. मास्तर होते. अंगात लाल कोट नव्हता, साधं धोतर आणि सदरा, आणि काखेत तो अंक. कोटाशिवाय ते इतके लहान दिसले की मी पटकन ओळखलंच नाही. बायकोने पाणी दिलं. ते खाटेवर बसले, नेमके त्या गठ्ठ्याच्या वर.

"मास्तर, तो माणूस तुम्ही नाही," मी घाईने म्हणालो. "तो आपला कुठलाही..."

"मीच हावो," मास्तर म्हणाले.

त्यांनी सासरेबुवांकडे एकदा पाहिलं, मग मिशी बोटाने वर करून ओठ उचलला. समोरचा वरचा एक दात नव्हता आणि शेजारचा बोट लावताच हलला. "पोळ्याच्या आधीपासून असं हाये. समोरून फुकलं त जीव जाते. म्हून डाव्या कोपऱ्यानं फुकतो. बँडात कोनाले माईत नाई. घरी बी सांगतलं नाई."

अंक त्यांनी मांडीवर उघडला आणि चित्रातल्या तोंडावर बोट ठेवलं.

"तुमाले दिसलं होतं ना बाबू? मंग मले वरचा सा काऊन लिहून देऊन राह्यले होते?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. तालमीत मी चित्र काढताना बघत होतो आणि गाणं बसवताना ऐकत होतो, आणि दोन्ही एकाच माणसाचं आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

"मले वाटलं, तुमाले दुसरा मास्तर पाह्यजे," ते खाली बघून म्हणाले. "म्हून मुद्दाम वर चढवून राह्यले. आता लोकाइसमोर सूर फुटन अन् पोट्टे हासन, असं वाटे. झोप नाई लागत मले."

एवढे दिवस मी त्यांना भिऊन लांबच्या रस्त्याने जात होतो आणि ते मला भिऊन दात लपवत होते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मी सासरेबुवांचा अर्ज बाजूला सरकवला आणि कोंबड्याचे सगळे पुठ्ठे फळीवर मांडले. वरच्या सावर पांढरा कागद चिकटवला. तो सूर दोन बगळ्यांना वाटून दिला आणि मास्तरांना त्याच्या आधी खालचा पंचम ठेवला, कोपऱ्यातून सहज निघेल असा. मास्तर पुढे वाकून गुणगुणून बघत होते. "अन् त्या टायमाले मी काय करू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ट्रम्पेट एका हाताने वर उचला आणि मांडवाकडे तोंड करून उभे राहा, जणू तुम्हीच क्लॅरिनेटवाल्यांना सूर धरायला सांगताय. ते उठले आणि आमच्या खोलीत तसे उभे राहिले. जाताना सासरेबुवांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. "राहू दे माझ्याजवळ," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी लागेल."

हंगामातलं पहिलं लग्न कारंजाला होतं. वरात हमरस्त्याने निघाली, मागून ट्रक भोंगे वाजवत होते. मांडव जवळ येऊ लागला तसा मी बँडच्या पुढे सरकलो. लोक कान टवकारून उभे होते, त्या सुरासाठीच तर त्यांनी सुपारी दिली होती. सगळी वाद्यं थांबली. दोन्ही क्लॅरिनेटांनी सा धरला, आणि मास्तरांनी ट्रम्पेट ओठांवरून काढून दिव्यांच्या उजेडात उंच धरला. शिट्ट्या पडल्या, नोटा ओवाळल्या गेल्या. कुणालाच काही कळलं नाही.

सगळे त्या वर उचललेल्या ट्रम्पेटकडे बघत होते. मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड समोर होतं, मिशीखाली पार उघडं, दातांची ती फट दिसेल इतकं. एवढ्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, मान ताणून, ते तो वरचा सा गात होते.