पाण्यातली हद्द

तलावावरच्या नव्या पुलाच्या मध्यावर पाटी लागलीय: इथे आमचा तालुका संपतो, पलीकडचा सुरू होतो. पूर्वी ही हद्द फक्त कचेरीतल्या नकाशात होती. पाण्यात ना दगड, ना खूण. पण माहेरी जाताना आईला ती बरोबर कळायची. होडी मध्यावर आली की तिच्या डोक्यावरचा पदर खाली यायचा, आवाज चढायचा. "सुटले बाई!" म्हणत ती होडीवाल्याशी गप्पांना बसायची. मी वाकून बघायचो. दोन्हीकडचं पाणी सारखंच हिरवं.

काल तिला गाडीतून पुलावरून नेलं. तिला आता दिसत नाही.

"अर्धं पाणी आलं का रे?"

"आलं," मी म्हणालो.

पलीकडे तिचं कुणीच उरलेलं नाही. तरी पदर खाली आला, आणि मी गाडी होडीइतकी हळू केली.