बिनसाखरेचा ऊस

माझ्या चुलत्यांना, तात्यांना, शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं आणि तात्यांनी ते एवढं मनावर घेतलं, की घरात आम्हालाच गोड खायची चोरी झाली. चहा बिनसाखरेचा. एका लग्नात तर बुंदी वाढणाऱ्यावर असे खेकसले, की तो अख्खी पंगत सोडून पळाला. सोमवारी महादेवाचा पेढा हातावर ठेवला, तर म्हणाले, "देवा, तुमीच खा."

तरी शुगर उतरेना. ऊसतोडीचा हंगाम संपवून ते शिरूरला घरी परतले, तेव्हा मला कारण कळलं. ट्रॅक्टरमधून त्यांनी उसाची मोळी आणली होती. ओट्यावर बसून माझ्यासमोर पाच कांडी सोलून खाल्ली. माझं डोकंच फिरलं.

"तात्या, ही साखरच हाय की!"

"कावून? साखर कशी? सारी जिंदगी तोडलाय मी. ह्यो ऊस हाय. साखर कारखान्यात बनती."

"आन् कारखान्यात काय घालत्यात?"

मला वाटलं, आता तरी अडकतील. तात्यांनी चोथा थुंकला आणि माझी कीव करत म्हणाले, "म्हणून तर साखर व्हायच्या आत खातो बे."