तीन घरी एकदम विचारणारी पोर

उलट बोलणारी म्हणून माझं नाव लहानपणीच झालं होतं, आणि ते मी आजवर टिकवलंय. मॅट्रिकला चांगले मार्क मिळाले त्या उन्हाळ्यात तर माझ्या नादी लागायला घरचेही कचरायचे.

हेडमास्तरांनी शाळेत बोलावून समजावलं होतं की अर्ज तीन ठिकाणी कर. नंदुरबारचं कॉलेज नवं होतं, नुसतं आर्ट्सचं. ते हमखास घेईल, म्हणजे शिक्षण तरी थांबणार नाही. जळगावच्या सायन्सला माझे मार्क चालण्याजोगे होते. पुण्याला मिळणं कठीण, पण मागून तर बघ म्हणाले. मला डॉक्टर व्हायचं होतं. नंदुरबारलाच अडकले असते तर ते तिथंच संपलं असतं.

कोरीटला, आमच्या गावी, घरी येऊन हे सांगितलं आणि आबांचा, माझ्या वडिलांचा, चेहरा उतरला. आमच्यात मुलीची सोयरीक अशी करत नाहीत. एका घरी शब्द टाकायचा, त्यांचं हो-नाही कळेपर्यंत दुसऱ्या घराकडे बघायचंसुद्धा नाही. एकदम तीन घरी विचारणाऱ्या बापाच्या शब्दाला कोण विचारतो? आणि नकार आलाच तर मुकाट गिळायचा, कारण एका घरानं नाकारलेली पोर सगळ्यांच्या तोंडी होते. कॉलेजलाही आबांनी हाच कायदा लावला. आधी नंदुरबार, ते नाही म्हणाले तर पुढचं.

मी म्हटलं, नंदुरबारवाले नाही म्हणणारच नाहीत, मग बाकीच्यांना विचारायचं कधी? आबा पुन्हा तेच सांगू लागले. मग मी तोडूनच टाकलं, "आबा, हाई लगीन नही शे."

माय मध्ये पडली, तिच्यावरही मी डाफरले. शेवटी आबांनी तिन्ही अर्जांवर सही केली, पण गावात कुणाला कळता कामा नये या अटीवर. अट मी ऐकून घेतली. मान्य केली असं काही मी म्हटलं नव्हतं.

पुण्याचं कार्ड आलं तेव्हा ओट्यावर चारपाच माणसं पानतंबाखू करत बसली होती. आबांनी त्यावरचा पुण्याचा शिक्का बघितला आणि कार्ड हळूच बंडीच्या खिशात सारलं. कुणीतरी विचारलं, कुणाचं? आबा म्हणाले, असंच, काही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओट्यावर गेले, आबांच्या खिशातून कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. इंग्रजीतलं होतं म्हणून अर्थही सांगितला. मी पुण्याला जागा मागितली, त्यांनी दिली नाही, जळगावचं उत्तर अजून यायचंय. यात मला काडीची लाज वाटत नाही, कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या.

एकजण सुपारी कातरत राहिला. नकाराचं दुःख झालं नाही असं नाही, मागच्या दारी जाऊन पोटभर रडले. पण ते दुःख माझं होतं, खिशात लपवायचा अधिकार आबांना नव्हता. जळगावचा होकार येईपर्यंत आबा माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आम्ही दोघं एकाच मातीचे.

जळगावला निघाले त्या दिवशी आबा नंदुरबार स्टेशनवर सोडायला आले. फलाटावर नात्यातले एक पाहुणे भेटले, मोठ्या घरचे, ज्यांच्यासमोर आबा नेहमी जपून बोलायचे. पोर कुठे निघाली, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आबा बोलले, चांगले हमालांना ऐकू जाईल एवढ्यानं.

"पुनावालास्नी नही म्हनं. आते जळगावले जाई ऱ्हायनी. पुनाले परत इचारसूत."

नाही म्हटलेल्या घराची पायरी आमच्यात कुणी दुसऱ्यांदा चढत नाही. पाहुणे आबांकडे बघतच राहिले, आणि त्या दिवशी मला एक शब्दही उलट बोलता आला नाही.