दुखवट्यातला कॉम्प्युटर

ये, अशी जवळ सरकून बस. वाचायचं असलं तरी जवळ बसूनच वाच, माझा आवाज आता लांब जात नाही. आणि आधी एक सांग, कुणाच्या घरी माणूस गेलं की टोपी-टॉवेल घेऊन जाणाऱ्यांतली तूही आहेस ना? मान हलवू नकोस, आहेसच! इतकी शहाणी बाई तू, आणि दुकानात जाऊन 'दुखवट्याचा दाखवा' म्हणतेस, मग तो खालच्या फळीवरचा टॉवेल काढतो. त्या टॉवेलनं अंग पुसलं की पाणी पुसलं जात नाही, नुसतं इकडचं तिकडं होतं. माझ्या घरात असल्या टॉवेलांनी भरलेली एक ट्रंक आहे. वरून गाठोडं वेगळं.

तर ऐक. आमच्या घरातला कॉम्प्युटर दुखवट्यात आलेला आहे.

माझा लेक दिलीप खर्डा गावात मोटारी भरायचा. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळाल्या की त्यांना नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, असं त्याचं दुकान. त्याला आणि त्याच्या वैशूला (माझी नात, अकरावीला होती) एक वेड लागलं. गेम खेळायचा कॉम्प्युटर घरी बनवायचा. विकत आणायचा नाही, एकेक भाग आणून जुळवायचा! रोज जेवताना तेच.

"बाबा, ग्राफिक कार्ड भारी घेऊ. बाकीचं भागवू."

"आणि पॉवर सप्लाय?"

"तो साधा चालेल."

"साधा? अगं, साध्या सप्लायनं जळालेल्या वस्तूंवरच आपलं घर चालतंय!"

मग ती रुसायची, तो ग्राफिक कार्ड थोडं वाढवायचा, ती प्रोसेसर थोडा उतरवायची. कॉम्प्युटरचं डोकं म्हणजे प्रोसेसर, एवढं मला भाकरी वाढता वाढता कळलं. एकाला भारी घेतलं की दुसऱ्याला हात आखडायचा, हेही कळलं. त्यात नवीन काय? चार पोरं वाढवली मी.

शेवटी एकदाचं त्यांचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात दिलीप दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या गेला. हातात तार तशीच.

वैशू रडली नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायका येऊन तिच्या गळ्यात पडून रडायच्या आणि ही त्यांच्या पाठीवर थोपटायची. पुढं वर्षभर 'हो', 'नको', 'झालं', एवढ्या तीन शब्दांवर पोरीनं दिवस काढले. माझी सून मनीषा मला म्हणाली, "आत्याबाई, पोरगी आतून दगड होत चाललीय. काहीतरी करा." मी काय करणार? मी भाकरी करते. भाकरी ती खायची नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं, तसे पाहुण्यांचे फोन सुरू झाले. कुणी किती टॉवेल, कुणी किती साड्या. आणि माझ्या डोक्यात आलं. (ते अधूनमधून येतं. घरचे तेवढ्या वेळात देवाचं नाव घेतात.) मी सगळ्यांना सांगितलं, "टोपी नको, टॉवेल नको, साडी-चोळी नको. तेवढ्याच पैशात एकेकानं कॉम्प्युटरचा एकेक भाग आणायचा. कुठला ते मी सांगते." वैशूला विचारलं, तर तिनं भिंतीकडं बघत सगळे भाग पाढे म्हटल्यासारखे म्हणून दाखवले. कशाला हवेत, एवढंही विचारलं नाही.

आता दुखवट्याची आपली रीत तुला माहीत आहे. सगळ्यांच्या देखत सतरंजीवर मांडायचं, आणि कुणी काय आणलं ते मोठ्यानं पुकारायचं. इथंच घोडं अडलं! जो तो दिसणारं मागायला लागला.

जामखेडचे तात्या, माझे थोरले भाऊ, त्यांना मी पॉवर सप्लाय सांगितला.

"ते कुठं बसतं?"

"आत बसतं."

"आत? मंग कुनाला दिसनार? मी भाचा गेल्याचं दुख आत दडवू व्हय? मला भायेरचं काहीतरी दे."

माझी नणंद अक्का, तिची चौकशी वेगळीच. "वैनी, ते ग्राफिक कार्ड किती किलोचं असतं गं?"

"किलोवर न्हाई मिळत, अक्का."

"तरी पण! हातात धरल्यावर जड लागलं पायजे. न्हाई तर लोक म्हनतील, भावाच्या लेकाला हिनं काडीपेटी आनली."

श्रीरामपूरच्या मामानं, म्हणजे मनीषाच्या भावानं, न विचारताच डबा घेतला. डबा म्हणजे ज्यात सगळं बसवायचं तो मोठा कॅबिनेट. एका बाजूनं काच, आत रंगीबेरंगी पंखे. वैशूनं सांगितलेला काळा, साधा, स्वस्त होता. मामा मला म्हणाला, "बहिणीच्या दारात काळं न्यायचं का?" शेवटी मी तात्यांना पुकारताना सप्लायच्या आधी 'भारी कंपनीचा' म्हणायचं कबूल केलं, चुलत घरच्यांनी मदरबोर्ड आणि बारीकसारीक वाटून घेतलं, पडदा, म्हणजे मॉनिटर, पुतण्यांनी उचलला, आणि राहिला प्रोसेसर. बिस्किटाएवढा! किंमत अंगठीची. कुणी घेईना. "एवढंसं सतरंजीवर ठिवलं तर पायाखाली जाईल," असं तात्यांचं मत पडलं.

तो मी घेतला. घरच्या माणसानं दुखवटा आणायचा नसतो, मला माहीत आहे. पण डोकं नसलेला कॉम्प्युटर त्या पोरीपुढं कसा ठेवायचा?

नगरला जाऊन आणला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "आज्जी, जपून न्या. खालच्या बाजूला बोट लावू नका." मी बोट लावलं नाही. आजही शपथेवर सांगते, बोट लावलं नाही!

येताना जामखेडला उतरले. वर्षश्राद्धाला वाटायच्या स्टीलच्या ताटल्या भांड्यांच्या दुकानात टाकल्या होत्या, त्यांच्यावर नाव घालायचं होतं. तो नाव घालणारा टर्रर्र करत एकेका ताटलीवर 'कै. दिलीप यांच्या स्मरणार्थ' काढत होता. किती सुबक अक्षर! आणि मला वाटलं, वाटायच्या ताटल्यांवर माझ्या लेकाचं नाव, आणि त्यानं स्वतः निवडलेल्या वस्तूवर नाही? मी प्रोसेसरची डबी उघडली.

"ह्याच्यावर बी घाल."

त्यानं चिमटीत धरून बघितलं. "मावशी, हे काय हाय?"

"ताटलीच समज. लहान हाय."

"वर विंग्रजी लिवलंय. जागा न्हाई."

"मग उलट्या अंगाला घाल."

"उलट्या अंगाला सोन्याचे ठिपके हायती."

"मग चांगलंच की! सोन्यावर नाव येऊ दे."

टर्रर्र! 'कै. दिलीप यांच्या स्म' एवढं बसलं आणि सोनं संपलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली, सतरंजी अंथरली, आणि आमच्या गावानं कधी पाहिला नाही असा दुखवटा मांडला गेला. पुकारा झाला. तात्यांचा सप्लाय मी इतक्या जोरात पुकारला की दोन गल्ल्यांना कळलं. अक्कानं ग्राफिक कार्ड सगळ्यांच्या हातात देऊन वजन करायला लावलं. आणि एवढं सांगूनही तात्यांनी टोपी-टॉवेल आणलेच होते! घालायचे कुणाला? त्यांनी ते कॅबिनेटला घातले. टॉवेल पांघरून, टोपी घालून तो डबा दिलीपच्या फोटोशेजारी सुतकी चेहऱ्यानं बसला.

वैशू बाहेर आली. बघत राहिली. मग खाली बसली, तिनं डब्याची टोपी काढली, आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. आपणहून मागितला! मनीषानं माझा हात दाबला.

मदरबोर्ड पाटावर ठेवून तिनं प्रोसेसर काढला. उलटा केला. वाचला. बराच वेळ बघतच राहिली. मला वाटलं, भारावली. मी अक्काला कोपरानं ढोसलंसुद्धा.

तिनं तो बसवला. मग सगळंच बसवलं. दिलीपसारखेच हात, तार वळवायची तीच पद्धत. तिनं बटण दाबलं.

आणि काय सांगू! पंखे फिरले, काचेच्या आत लाल, निळा, हिरवा नुसता झगमगाट! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा रडला. तात्या म्हणाले, "झाला चालू! आता एखादं भजन लाव."

पडदा काळाच.

"जरा वेळ लागत असंल," अक्का म्हणाली.

"नाही लागत," वैशू म्हणाली. "हा मेलेला आहे."

"कशानं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. वर्षात पहिल्यांदा त्या डोळ्यांत काहीतरी होतं, आणि ते प्रेम नव्हतं.

"आज्जे!" केवढ्यानं ओरडली! "तू त्याच्यावर मशीन फिरवलंस! त्या ठिपक्यांतनंच सगळं चालतं! बाबानं निवडला होता तो! महिनाभर भांडून निवडला होता, आणि तू, तू त्याच्यावर कै. लिहिलंस!"

"मी बोट नाही लावलं," मी म्हणाले.

आणि मग तिला फुटलं. रंगीत दिव्यांसमोर, सतरंजीवर आडवी पडून, लहान पोरासारखी. "बाबा, बाबा" करत. मनीषानं तिला पोटाशी धरलं. सकाळपासून रीतीप्रमाणं रडून मोकळ्या झालेल्या बायका पुन्हा रडायला बसल्या, या खेपेला खरं. त्या झगमगाटात तात्यांनी मान खाली घालून टॉवेलची घडी केली, उलगडली, परत घडी केली. वर्षभर सगळ्या सोयऱ्यांनी जिवाचं रान केलं त्या पोरीला रडवायला. मला जमलं ते एका प्रोसेसरचा जीव घेऊन.

त्या दिवशी तिनं दोन भाकरी खाल्ल्या आणि मला आठवडाभर शिव्या दिल्या. मी एक पोटभर पाहिलं आणि दुसरं पोटभर ऐकलं. पुढच्या आठवड्यात मायलेकी नगरला गेल्या, वापरलेला एक प्रोसेसर घासाघीस करून आणला. दिलीपनं निवडला त्याच्यापेक्षा हलका आहे म्हणे, पण चालतो. मला मात्र त्या डब्याच्या हातभर लांब बसायचा हुकूम आहे.

फक्त संध्याकाळी ती मला जवळ घेते, कानाला हेडफोन लावते आणि खेळायला बसवते. कारण दुसरं कुणी तिच्याबरोबर इतकं वाईट खेळत नाही. मी त्या गेममध्ये भिंतीकडं तोंड करून उभी राहते आणि कुणीतरी येऊन मला मारतं. "आज्जे, मेलीस परत!" ती खिदळते. मग थोडं थांबलं की तिथं माणूस पुन्हा उभं राहतं. मी दर वेळी विचारते, "ही सोय फक्त इथंच का गं?" ती म्हणते, "हो, फक्त इथंच," आणि माझा हात परत माऊसवर ठेवते.

तर तू लवकर ये बाई भेटायला. चार दिवस राहायलाच ये. पण संध्याकाळच्या आत पोच. त्यानंतर मी घरात असले, तरी मेलेली असते.