मतलई वाऱ्याची सकाळ

सुभद्राबाई तुळसकर अठरा वर्षं गिरणीत वायंडिंग खात्यात होत्या. संपात गिरणी बंद पडली, नवरा कुशाबा वेंगुर्ल्याला शेतीकडे परतला आणि त्या दोन मुलींना घेऊन लालबागच्या खोलीतच राहिल्या. संपाच्या तिसऱ्या वर्षी शिवडीच्या खाडीकाठी कोळंबी सोलायचं काम मिळालं. तिथे त्यांना धरून चौदा बाया. वयाने थोरल्या म्हणून सगळ्यांची जबाबदारी आपोआप त्यांच्याकडे आली. तशी त्यांना कुणी दिली नव्हती.

चपला आणि पिशव्या रस्त्याकडच्या पुढच्या दारात ठेवायच्या, अनवाणी आत यायचं आणि बर्फाच्या पाण्यात हात घालून बसायचं. पुढच्या वाटेवरच बर्फाच्या मशीनची खोली होती. मशीन दिवसभर घरघरत राही. त्या आवाजात सुभद्राबाईंना गिरणी ऐकू येई. हात कोळंबी सोलत असत आणि मन मात्र धाग्याची टोकं जोडत बसे.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. उपास असल्यामुळे डोकं हलकं झालेलं. मनात गावच्या सातेरीदेवीचं नाव घेत त्या बसल्या होत्या. अचानक मशीनचा सूर बदलला, काहीतरी फाटकन वाजलं आणि मग सगळं गप्प झालं.

मशीनच्या खोलीच्या दाराखालून पांढरं काहीतरी आत आलं. मऊ, हळू, अगदी कापसाचे तंतू उडावेत तसं. सुभद्राबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. गिरणी सुरू झाली वाटतं, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा. आता मुकादम हाक मारील, आपण पदर खोचून साच्याकडे जाऊ... ते स्वप्न किती वेळ चाललं कोण जाणे. एक श्वास की दोन. मग डोळ्यांत कांदा पिळल्यासारखी आग झाली.

मशीनवाला दत्ताराम खोकत आत धावला. "व्हॉल्व गेला! अमोनिया गॅस सुटलाय, बाहेर व्हा!"

बाया किंचाळत उठल्या. सुभद्राबाईंच्या तोंडून गिरणीतली शिकवण आपसूक बाहेर पडली, "खाली वाका! रांगत चला!" आगीच्या वेळी धूर वर जातो, खाली श्वास मिळतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. दोघीतिघी वाकल्या आणि ठसकून तशाच मागे पडल्या. तेव्हा त्यांना दिसलं, हा पांढरा ढग वर जातच नव्हता. थंडगार, जमिनीला धरून सरपटत होता.

"नको, नको! उभ्या राहा! चुकलं माझं! पदर पाण्यात बुडवून नाकाला लावा!"

बाया पुढच्या दाराकडे वळल्या. रोजची वाट तीच, चपलाही तिथेच. दमयंती कोळीण मात्र जागची हलेना. शीव कोळीवाड्यातली, वाऱ्याशी जन्माची ओळख असलेली.

"पुढं कुठं जाताय गो? सकाळचा मतलय हाय. वारा खाडीकडचा! सगळा वास रस्त्याकडंच जायल आपल्या मागं."

सुभद्राबाईंना शाळेतला धडा आठवला. सकाळी जमिनीकडून मतलई, दुपारी समुद्राकडून खारे. शिवडीची खाडी पूर्वेला आणि मोठी जमीन तिच्या पलीकडे, म्हणून इथे सकाळी वारा खाडीवरून येतो खरा.

"दमयंती सांगते ते खरं. मागून चला."

खाडीकडच्या मागच्या दाराला आडवी लोखंडी पट्टी होती. कोळंबी चोरीला जाते म्हणून लावलेली. दत्ताराम आणि दमयंतीने ती उचलली. बाहेर पाऊल टाकताच स्वच्छ, ओलसर हवा छातीत भरली. सुभद्राबाईंनी स्वतःला धरून बायांची डोकी मोजली. तेरा. पुन्हा मोजली. तेराच.

"रखमा कुठाय?"

कुणीतरी म्हणालं, "चपला आणायला गेली. कालच नव्या घेतल्यायत ना."

दमयंती आत वळली. सुभद्राबाईंनी तिचा दंड धरला.

"आतून नाही."

"मग काय मरू दे तिला?"

"बाहेरून जाऊ. भिंतीच्या कडेने, वाऱ्याला आडव्या. दत्ताराम, शेजारच्या गोडाऊनातून बंबवाल्यांना फोन कर. बाकीच्यांनी इथून हलू नका."

ओले पदर तोंडाला बांधून दोघी गल्लीतून निघाल्या. इतकं शांत होतं की चालतोय की तरंगतोय ते कळेना. सातेरी आई, सातेरी आई, एवढंच पावलांबरोबर चाललं होतं.

रखमा पुढच्या दाराबाहेर उंबऱ्याला टेकून बसली होती. छातीशी दोन चपला, डोळे घट्ट मिटलेले. पांढरं तिच्या पायांपर्यंत आलं होतं. श्वास धरून दोघींनी तिला काखेत धरलं आणि ढगाबरोबर रस्त्यावर न जाता बाजूच्या गल्लीत ओढलं. तिथल्या नळाखाली सुभद्राबाईंनी तिचं तोंड धरलं.

"उघड डोळे. जळू देत, उघड."

"दिसत नाय हो मला."

"दिसेल. उघड."

पाणी वाहत राहिलं. लांबून बंबाची घंटा ऐकू आली. दमयंती म्हणाली, "आधी रांगायला लावलंस तू आमाला."

"हो गं. चुकलं. कळलं तेव्हा बदललं."

"तेवढं तरी केलंस. माझा बा चुकला तरी कदी बदलत नसे."

सुभद्राबाईंनी नळ आणखी सोडला. हात रखमाच्या कपाळावर, पाणी बोटांमधून सांडत होतं. बऱ्याच वेळाने रखमाच्या सुजल्या पापण्या फाकल्या. लाल, पाणावलेले डोळे इकडेतिकडे फिरले आणि सुभद्राबाईंच्या चेहऱ्यावर येऊन थांबले.

"सुभद्राबाय," ती म्हणाली, "तुमचं कुंकू फिसकटलंय."