चार खांद्यांचं मंडळ

आमच्या मंडळाच्या किश्शांचं ना, आमच्या टार्निट उपनगरातल्या नव्या घरांसारखं झालंय. एक बांधून होत नाही तोच शेजारी दुसरं उभं!

मंडळ म्हणजे काय, तर इथे कोणी गेलं की धावून यायला नातेवाईक कुठेयत? सगळे इंडियात. मग आम्हीच जातो. डबा पोचवायचा, बाई असली तर साडी नेसवायची, शवपेटीला खांदा द्यायचा. आज मी तुझं केलं, उद्या तू माझं कर!

सबनीसकाका सगळ्यांत पुढे. एकटा जीव, बायको गेलेली, मूलबाळ नाही. पेटी खाली ठेवली की दर वेळी मला विचारायचे, "आजी, मला मिळतील ना हो चौघं?"

मी म्हणायची, "आधी वजन कमी करा!"

हसायचे. पण डोळे नाही हसायचे.

*

मंडळातल्या पोरींना गेलेल्या बाईला साडी नेसवता येईना. म्हटलं, मी आडवी होते, माझ्यावर शिका! त्यातल्या केतकीने निऱ्या खोचल्या, पदर घेतला. मी श्वास रोखून गप्प. ती वाकून म्हणाली, "आजी? यू ओके?"

मी डोळे मिटूनच म्हटलं, "कुंकू राहिलं!"

पोरगी किंचाळत थेट कारपार्कात!

पण खरं सांगू? ती पळाल्यावर कोणीतरी माझे पाय नीट जुळवून ठेवले. खोलीत तर केतकी आणि मी, दोघीच होतो.

*

रोहन मंडळात नवीन. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, हे त्याला कोण सांगणार! दारात हात हलवून म्हणाला, "येतो हं काकू! सी यू!"

आठवड्यात परत त्याच घरी जावं लागलं. काकूंसाठीच.

आता तो कुठूनही निघताना तोंडच उघडत नाही. बायको वैतागलीय!

*

मग सबनीसकाका गेले. वर्किंग डे, ट्रेन बंद, सगळे शिफ्टला. अंत्यविधीच्या हॉलवर मी, केतकी आणि रोहन, बस्स.

हॉलवाला गोरा म्हणाला, "नो वरीज, ट्रॉली आहे."

काका ट्रॉलीवरून जाणार? 

तेवढ्यात चौघं आत आली. तिघे बाप्ये, एक बाई. चेहरे पाहिल्यासारखे वाटले, कुठे ते आठवेना. कोणाशी बोलणं नाही, चालणं नाही. पेटी खांद्यावर घेतली, आत नेऊन अलगद ठेवली.

मला वाटलं रोहनच्या ओळखीतले. रोहनला वाटलं माझ्या.

मी त्या बाईपुढे चहा धरला. "काकांच्या नात्यातल्या का हो तुम्ही?"

तिने कपाला हात लावला नाही.

"नाही हो. आमच्या वेळी ते आले होते."